फोनचा हुकूम आणि लॅपटॉपचें आज्ञापालन

शिक्षक वर्गाच्या मागच्या बांकाजवळ उभे आहेत, लॅपटॉप पुढें मेजावर आहे, आणि शिक्षकांनीं हातांतील फोनवर बोट फिरवितांच भिंतीवरचें चित्र बदलतें, हा प्रकार आतां विद्यार्थ्यांस नवा राहिलेला नाहीं. आमच्या पालेगावच्या नव्या इमारतींतून तर मुलें अंथरुणावर पडल्यापडल्या याच रीतीनें लॅपटॉपवरील चित्रपट थांबवितात व चालू करितात. हें घडतें कसें, असें विचारलें असतां उत्तर बहुधा एकच येतें : फोन लॅपटॉप चालवितो. हें उत्तर अर्धेंच खरें आहे, आणि उरलेलें अर्धें ठाऊक नसल्यामुळें अनेक कुटुंबांची पुंजी गेली आहे. म्हणून या विषयांत थोडें खोल शिरण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुरून हुकूम देण्याची कल्पना जुनीच आहे. कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट विद्यार्थ्यांनीं ऐकली आहे. आजारी चाकरासाठीं त्यानें प्रभूस घरापर्यंत येण्याची तसदी दिली नाहीं. अधिकाराचा शब्द अंतरामुळें उणा होत नाहीं, हें सैनिक असल्यामुळें तो जाणून होता. यंत्रांच्या बाबतींत हें साधण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १८९५ सालीं कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतींपलीकडे अदृश्य विद्युत्-लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. पुढें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें निकोला टेस्ला यांनीं पाण्याच्या हौदांतील एक लहान नौका तारेवांचून वळवून दाखविली.

परंतु या विद्येचा भव्य नमुना पाहावयाचा तर इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्यांत नारायणगावाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. तिला तीस तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकीं चौदा मध्यभागीं जवळजवळ आहेत व उरलेल्या सोळा तीन दिशांस कित्येक किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. नियंत्रणकक्षांत बसलेला मनुष्य यांतली एकही तबकडी स्वतः हलवीत नाहीं. अमुक दिशेस वळ, एवढा निरोप तो काचतंतूंतून धाडतो. तो निरोप वाचून मोटर फिरविण्याचें काम तबकडीजवळचा संगणक करितो. (गंमत अशी कीं, ज्या फोनविषयीं आम्ही लिहीत आहों तो त्या आवारांत बंद ठेवावा लागतो, कारण ताऱ्यांकडून येणाऱ्या क्षीण लहरींपुढें त्याचा गोंगाट फार मोठा ठरतो.)

आपल्या घरांतील व्यवस्था हीच, फक्त लहान प्रमाणावर. लॅपटॉपमध्यें एक छोटा प्रोग्रॅम सदैव कान देऊन बसलेला असतो. आपण फोनच्या कांचेवर बोट सरकविलें म्हणजे बोट इतकें उजवीकडे व इतकें खालीं गेलें, एवढेच आंकडे फोन पाठवितो. ते आंकडे वाचून तो प्रोग्रॅम लॅपटॉपला असें भासवितो कीं, जणूं माऊसच हालला. बाण हालतो तो लॅपटॉपच्या स्वतःच्या शक्तीनें. फोन केवळ विनंती करितो, आणि ती मानावयाची कीं नाहीं हें लॅपटॉपच्या बाजूस ठरतें. या लेखांतील पुढचें सर्व कांहीं या एका गोष्टीवर उभें आहे.

आतां विनंती योग्य यंत्राकडे पोंचते कशी? घरांतील वाय-फायचा राऊटर प्रत्येक यंत्रास एक पत्ता देतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. हा पत्ता फक्त त्या घरापुरता असतो. शेजारच्या बिऱ्हाडांतही तोच पत्ता असूं शकतो आणि कांहीं घोटाळा होत नाहीं, जसा पालेगावांतील प्रत्येक इमारतींत १०१ क्रमांकाचा गाळा असला तरी टपाल चुकत नाहीं. पत्त्यावर पोंचल्यावर पुन्हां दार कोणतें, हा प्रश्न उरतो. एका लॅपटॉपला अशीं हजारों क्रमांकित दारें असतात, व त्यांस पोर्ट म्हणतात. केडीई कनेक्ट हा प्रोग्रॅम १७१४ ते १७६४ या दारांवर बसतो. आणि फायरवॉल म्हणजे फाटकावरचा वॉचमन. त्याच्या वहींत नांव नसलेल्यास तो आंत सोडीत नाहीं.

ज्यांस प्रत्यक्ष करून पाहावयाचें असेल त्यांनीं हा केडीई कनेक्टच वापरावा, असें आम्ही सुचवितों. तो विनामूल्य आहे व त्याची घडण कोणासही तपासतां येते. तो लॅपटॉपवर व फोनवर दोहोंकडे घालावा आणि दोन्ही यंत्रें एकाच वाय-फायवर आणावींत. फोनच्या यादींत लॅपटॉपचें नांव उमटलें म्हणजे जोडणीची मागणी करावी. दोन्ही पडद्यांवर एक संकेत दिसतो. तो सारखाच आहे ना हें ताडून मगच होकार द्यावा. या क्षणीं दोन्ही यंत्रें एकमेकांची ओळख मनाशीं बांधून ठेवतात, आणि पुढचे सर्व निरोप गुप्त लिपींत जातात. मग फोनच्या कांचेचा माऊस होतो, त्याचा कळफलक लॅपटॉपवर अक्षरें उमटवितो, गाणें थांबवितां येतें, व्याख्यानाचीं चित्रें पुढेंमागें करितां येतात. हात कांपणाऱ्या वृद्धांस किंवा खाटेवरून उठूं न शकणाऱ्या आजाऱ्यांस ही केवढी सोय आहे, याचा विचार पालकांनीं अवश्य करावा. नुसती चैन म्हणून हिच्याकडे पाहूं नये.

पुष्कळदां लॅपटॉपचें नांव दिसतच नाहीं. बहुधा फोन वाय-फायवर नसून सिमच्या इंटरनेटवर असतो, किंवा पहिल्या वेळीं वॉचमननें विचारलें तेव्हां कोणीतरी घाईनें नकार दिलेला असतो. कांहीं कचेऱ्यांतून व शाळांतून तर राऊटरच एका यंत्रास दुसरें दिसूं देत नाहीं. अशा वेळीं, किंवा वीज जाऊन राऊटर बंद पडला असतां, फोनचें हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर जोडावा. हे हुकूम घराबाहेर जात नसल्यामुळें त्यांपायीं डेटा खर्च होत नाहीं. मात्र लॅपटॉपनें आपल्या इतर कामांसाठीं तो वापरूं नये इकडे लक्ष असावें.

वाय-फाय नसतां ब्लूटूथचाही मार्ग आहे. कित्येक फोन ब्लूटूथवरून आपण साधा कळफलक किंवा माऊस आहों असें सांगतात; मग लॅपटॉपवर निराळा प्रोग्रॅम घालण्याचीही गरज उरत नाहीं. ब्लूटूथच्या लहरी एकाच जागीं स्थिर राहत नाहींत. ७९ वाटांवरून सेकंदास १६०० वेळां उड्या मारीत त्या जातात, म्हणून एका वाटेवर गर्दी झाली तरी निरोप बुडत नाहीं. अशा उड्या मारण्याच्या एका युक्तीचें पेटंट १९४२ सालीं अमेरिकेंत हेडी लामार ही चित्रपट-नटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनीं मिळविलें होतें. विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करावा : ब्लूटूथनें जोडलेला फोन घेऊन एक एक पाऊल मागें जावें व कितव्या पावलास बाण अडखळतो तें टिपावें. मग मध्यें विटांची भिंत, लोखंडी कपाट आणि स्वतःचें शरीर असे निरनिराळे अडथळे घेऊन पुन्हां मोजावें. शरीर किती अडवितें हें पाहून अनेकांस नवल वाटेल.

आतां पालकांसाठीं. आतांपर्यंत सांगितलेला सर्व कारभार एका घरांतला झाला. परंतु दुसऱ्या शहरांत बसून आपला लॅपटॉप किंवा फोन हाताळूं देणारेही प्रोग्रॅम आहेत, व दुरुस्तीच्या कामीं ते प्रामाणिकपणें वापरले जातात. एनीडेस्क हा त्यांपैकींच एक. भामट्यांनीं याच सोईचा घात केला. बँकेची केवायसी राहिली आहे, आज रात्रीं वीज तोडली जाईल, असा फोन येतो. घाबरलेल्या माणसास अमुक अ‍ॅप उतरवून घ्या व पडद्यावरचा आंकडा वाचून दाखवा, असें सांगण्यांत येतें. आंकडा सांगून परवानगीचें बटण दाबलें कीं समोरचा मनुष्य आपला पडदा पाहूं लागतो, आणि ओटीपीही त्यास आपल्याबरोबरच दिसतो. रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालींच या प्रकाराविषयीं इशारा दिला होता, आणि वीजबिलाच्या खोट्या संदेशांविषयीं महावितरणनेंही ग्राहकांस वारंवार सावध केलें आहे.

येथें वॉचमन कां उपयोगी पडत नाहीं, असें एखादा हुशार विद्यार्थी विचारील. तो बाहेरून येणाऱ्यास अडवितो. या प्रकारांत दार आंतून उघडलें जातें. आपलाच फोन बाहेरच्या एका मध्यस्थ यंत्राशीं जाऊन जोडणी करितो, आणि चोर तेथूनच आंत येतो. त्यानें कुलूप फोडलेलें नसतें. आपल्या यंत्रास त्याचें ऐकावयास आपणच सांगितलेलें असतें. म्हणून भीति घालून घाई करणाऱ्या कोणाच्याही सांगण्यावरून असें अ‍ॅप घालूं नये. घातलें गेलेंच तर तत्काळ वाय-फाय व डेटा दोन्ही बंद करावें, म्हणजे हुकुमाची वाटच तुटते. नंतर दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथें तास-दोन तासांचा विलंबही महाग पडतो. घरांतील वडील माणसें लाजेनें ही गोष्ट मुलांपासून लपवितात, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. त्यांस रागें भरण्याची ती वेळ नव्हे, आधीं फोन लावावा.

शेवटीं एक लहानशी गोष्ट सांगावयाची राहिली. जुना फोन विकतांना किंवा कोणास देतांना लॅपटॉपमधील जोडलेल्या यंत्रांची यादी उघडून त्याचें नांव काढून टाकावें, आणि तसेंच ब्लूटूथच्या यादींतूनही काढावें. फोन हातचा गेला तरी लॅपटॉप त्यास आपला धनीच समजत असतो.