आधी पापणी बघा, मग जंताचं औषध

पाऊस लागला की मेडिकलमधून जंताच्या औषधाची मोठी बाटली आणायची आणि एका सकाळी सगळा कळप उरकून टाकायचा, ही आपल्याकडची रीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच औषध. मग एखाद्या श्रावणात औषध पाजूनही करडं दगावतात आणि खापर कंपनीवर फुटतं. पुष्कळदा बाटलीत खोट नसते. जंतच त्या औषधाला निर्ढावलेले असतात.

पावसाळ्यात शेळ्या-मेंढ्यांचा मोठा वैरी म्हणजे हिमोंकस, चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा गोल जंत. त्याची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. ओल आणि ऊब मिळाली की लेंडीतल्या अंड्यांतून आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि दवाबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. फार वर नाही, बहुतेक जमिनीपासून चार बोटांच्या आतच. म्हणून दव असताना खुरटं गवत चारू नका. शेवरी, सुबाभूळ, बोरीचा पाला उंच बांधा. शेळी मुळात मान वर करून पाला ओरबाडणारं जनावर. तिला मेंढीसारखं जमिनीलगत चरायला आपणच लावतो.

औषध कुणाला द्यायचं हे डोळ्यात दिसतं. शेळीला उजेडात धरा, वरच्या पापणीवरून अंगठ्याने डोळा हलकेच दाबा आणि खालची पापणी ओढून आतला रंग बघा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फमाचा तक्त्यात लाल ते पांढरा असे 5 रंग आहेत. शेवटचे दोन, म्हणजे फिकट किंवा पांढरा दिसला तर लगेच औषध. मधला गुलाबी असेल तर करडांना, गाभण आणि नुकत्या व्यालेल्या शेळ्यांना द्या. लालबुंद पापणीच्या धडधाकट शेळीला सोडून द्या. पावसाळाभर दर पंधरवड्याला ही तपासणी करावी. मात्र गोचीड आणि पर्णकृमीमुळेही पापणी पांढरी पडते आणि रक्त न पिणारे जंत पापणीत दिसत नाहीत. हगवण लागली, जबड्याखाली सूज आली तर ताज्या लेंड्या घेऊन दवाखाना गाठा.

काही शेळ्या मुद्दाम सोडायच्या, हे पटायला जड जातं. पण कळपातले बहुतेक जंत मोजक्याच जनावरांत असतात. सगळ्यांना पाजलं की औषधाला न मरणारे तेवढे उरतात आणि रानभर त्यांचीच पिलावळ होते. सोडलेल्या शेळ्यांमुळे औषधाला मरणारे जंतही रानात टिकतात आणि निर्ढावलेल्यांचं फावत नाही.

मात्रा अंदाजाने देऊ नका, वजन करा. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल किलोला 10 मिलिग्रॅम सांगितलं आणि बाटली अडीच टक्क्यांची असेल, तर 30 किलोच्या शेळीला 12 मिली लागतं. मेंढीची मात्रा शेळीला पुरत नाही, कारण शेळीच्या अंगातून औषध लवकर निघून जातं. पण लेव्हामिसोलची मात्रा मनाने वाढवाल तर विषबाधा होईल. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळा. दूध किती दिवस वापरायचं नाही, हेही डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या.

बाजारातून आणलेली पाट थेट कळपात सोडू नका. निर्ढावलेले जंत तिच्याबरोबरच येतात. ती वेगळी बांधा, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्या आणि 14 दिवसांनी लेंडी तपासून घ्या. अंडी अजून दिसत असतील तर औषध बदलावं लागेल.