निष्कर्ष दडवू नका

चर्चासत्रांसाठी आलेले ॲबस्ट्रॅक्ट वाचून निवडण्याचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. त्यातला एक अजून सलतो. विषय ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळागळतीचा. कागदावर मात्र एवढंच: पहिल्या प्रकरणात विषयाची ओळख, दुसऱ्यात पूर्वसंशोधनाचा आढावा, तिसऱ्यात संशोधन पद्धती, ‘शेवटी निष्कर्ष मांडले आहेत.’ समितीने तो बाजूला ठेवला. पुढे तो पाठवणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की पोराने बीडमधली गावं पालथी घातली होती आणि हाती बरंच काही लागलं होतं. ते आम्हाला दिसणार कुठून?

खरं तर त्याने प्रबंधाचा सारांश धाडला होता, आणि सारांश म्हणून तो वाईट नव्हता. प्रबंधाच्या शेवटी येणारा सारांश वाचणाऱ्यासमोर अख्खा प्रबंध असतो. तिथे प्रकरणांच्या क्रमाने गेलं तरी चालतं, पानं वाढली तरी कुणी रागावत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकाचा सारांशही आपण करू शकतो. ॲबस्ट्रॅक्ट लेखकानेच लिहायचा आणि तो मूळ लेखाला सोडून एकटा हिंडतो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत तो फुकट वाचता येतो; लेखाला पुष्कळदा पैसे पडतात, म्हणून कित्येक वाचक तिथूनच परत फिरतात. तेव्हा प्रश्न काय, तो कसा तपासला, काय सापडलं आणि त्याचा अर्थ काय, हे सगळं तिथेच हवं. शोधलेखनाच्या एपीए शैलीत साधारण 250 शब्दांची मर्यादा असते. त्यातले निम्मे विषयाच्या थोरवीवर उधळणारे महाभाग दर वर्षी भेटतात. जास्त जागा सापडलेल्या गोष्टीला द्या. काम अपुरं असेल, तर आजवर काय दिसलं ते सांगा.

आणि आकडे जुळवा. 1999 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सहा वैद्यकीय नियतकालिकं तपासली होती. नियतकालिकागणिक 18 ते 68 टक्के ॲबस्ट्रॅक्टमधली माहिती मूळ लेखाशी जुळत नव्हती किंवा लेखात नव्हतीच. घाईत आधी लिहून ठेवलेला मजकूर नंतर कुणी उघडत नाही, असा माझा कयास आहे. शेवटचा हात फिरवायचा तो त्यावरच.

पाठवण्याआधी तुमचा विषय ठाऊक नसलेल्या कुणाला तरी नुसता तेवढा कागद द्या आणि विचारा, ‘यात काय सापडलंय?’ उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिहायला बसा.