मुरुडच्या किनाऱ्यावरील दोन घड्याळे

रायगड जिल्ह्यातील मुरुड हे शाळांच्या सहलींचे आवडते ठिकाण आहे. समोर अरबी समुद्र, किनाऱ्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पाठीशी हिरवे डोंगर. याच डोंगरांत फणसाडचे अभयारण्य आहे. दक्षिणेस राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला उभा आहे. वर्दळ कमी, म्हणून आपण या गावाला शांत म्हणतो. परंतु येथील वारा आणि पाणी क्षणभरही स्वस्थ नसतात. दोघेही वेळापत्रकाने चालतात. मात्र त्यांची घड्याळे निराळी आहेत.

वारा सूर्याच्या घड्याळाने चालतो. पाण्याची विशिष्ट उष्णता जमिनीपेक्षा बरीच जास्त असते. त्यामुळे सकाळी ऊन चढू लागले, की वाळू व डोंगर लवकर तापतात. समुद्र मात्र फारसा तापत नाही. जमिनीवरील तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट दिशेने, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे होत. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी दमट हवा डोंगरामुळे वर चढते, थंड होते आणि भरपूर पाऊस देते. डोंगरांची हिरवाई ही त्याचीच देणगी.

पाणी मात्र मुख्यतः चंद्राच्या घड्याळाने चालते. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या त्याच्याकडील बाजूवर किंचित जास्त आणि पलीकडील बाजूवर किंचित कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो आणि आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठण्यास 24 तास 50 मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते.

येथे एक प्रश्न पडेल. सूर्याचे पृथ्वीवरील आकर्षण चंद्राच्या सुमारे 180 पट आहे, मग भरतीवर सत्ता चंद्राची का? कारण भरती आकर्षणामुळे नव्हे, तर दोन बाजूंवरील आकर्षणाच्या फरकामुळे येते. सूर्य चंद्राच्या सुमारे 390 पट दूर आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा फरक तितक्याच पटीने घटतो. 180 ला 390 ने भागा; उत्तर निम्म्याहून थोडे कमी येते. सूर्याचा वाटा तेवढाच! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांचा परिणाम एकत्र होऊन उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा भांगाची लहान भरती येते.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचे तास मिळतात. उदाहरणार्थ, चतुर्थीला 4 × ¾ = 3, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी, नऊ वाजून गेल्यावर, ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. रोजच्या 50 मिनिटांच्या जागी यात 45 मिनिटे धरली आहेत, शिवाय प्रत्येक किनाऱ्याची वेळ थोडी वेगळी असते. म्हणून उत्तरात तासाभराचा फरक पडू शकतो.

पाणी चढण्याचा वेगही सारखा नसतो. भरतीच्या सहा तासांत पाण्याच्या एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर दर तासाला अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 असे भाग पाणी चढते. समजा, एकूण चढ 3.6 मीटर आहे. तर पहिल्या तासात पाणी 30 सेंटिमीटर चढेल, पण तिसऱ्या तासात 90! किनाऱ्याचा उतार 50 मीटरला 1 मीटर असेल, तर त्या एका तासात पाण्याची कड 45 मीटर आत सरकेल. खडकावर बसलेल्या मुलांची परतीची वाट अशीच बंद होते. ओहोटीतही मधले दोन तास असेच वेगाचे असतात, आणि तेव्हा पाण्याची ओढ समुद्राकडे असते.

आपली शाळा, जेवण, झोप सारे सूर्याच्या घड्याळाने चालते. त्यामुळे ‘काल दहा वाजता येथे पाणी गुडघाभर होते, आजही असेल’ असे मन सहज धरून चालते. चार दिवसांत हा अंदाज तीन तासांहून अधिक चुकतो. 1 फेब्रुवारी 2016 रोजी याच मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडून मरण पावले. अशा बातम्या कोकण किनाऱ्यावरून पुनःपुन्हा येतात. म्हणून सहलीच्या कागदावर बसच्या वेळेशेजारी भरती-ओहोटीची वेळही लिहिलेली असावी. अचूक वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत मिळतात. शिवाय पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळी बांधवांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटले, तर उतरू नये. लाटा आणि खड्डे आपल्या हिशेबात येत नाहीत. त्यांना ते ठाऊक असतात. पावसाळ्यात तर समुद्र डोंगरावरूनच पाहावा.

करून पाहा : किनाऱ्यावर गेलात, की कोरड्या वाळूत, पाण्याच्या कडेपासून वरच्या बाजूला, दर पाच पावलांवर एक काठी रोवा. भरती सुरू झाल्यापासून दर अर्ध्या तासाने पाणी कोणत्या काठीपर्यंत आले ते शिक्षकांसमवेत वरूनच पाहून नोंदवा आणि आलेख काढा. आलेख सरळ रेषेत येतो का? मधला भाग अधिक चढा का दिसतो? दिनदर्शिकेतील तिथीवरून काढलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत किती मिनिटांचा फरक पडला?