बाबेलला गेलेलं पत्र

अगं, परवा फोनवर तू हळूच विचारलंस, "ताई, देवाने वचन दिलंय ना, मग अजून किती?" आणि लगेच म्हणालीस, असं विचारणं पाप तर नाही? मुळीच नाही. तेरावं स्तोत्र काढून बघ. दाविदाने सुरुवातीच्या दोनच वचनांत 'कुठवर' हे चारदा विचारलंय. ते शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. तेव्हा तूही बिनधास्त विचार, मोठ्याने रडून विचार.

तुझ्या ओट्यावरच्या कॅलेंडरवर यिर्मयाचं ते वचन आहे ना, देवाच्या मनात आपल्या हिताचेच बेत आहेत असं सांगणारं? आपल्या लोकांच्या कितीतरी घरांत ते भिंतीवर असतं. पण त्याच्या आधीचं वचन कुणी छापत नाही. ही दोन्ही वचनं एका पत्रातली आहेत. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेममधली माणसं बाबेलला धरून नेली, त्यांना यिर्मयाने ते लिहिलं. आणि आधी स्पष्ट सांगितलं की बाबेलची 70 वर्षं भरल्यावर देव तुम्हाला परत आणील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांची हाडं तिथेच पडणार होती. त्याच काळात यरुशलेमच्या मंदिरात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना साहजिकच तो गोड वाटला असणार. खोटा मात्र तोच ठरला.

म्हणून प्रार्थनासभेत तुझ्या डोक्यावर हात ठेवून "पुढच्या नाताळाला पाळणा हलेल" असं सांगणाऱ्या बायकांचा मला राग येतो. मनाने त्या वाईट नाहीत. पण देवाने न दिलेली तारीख त्या देवाच्या नावावर देतात, आणि नाताळ सरला की "हिचा विश्वासच कमी पडला" अशी कुजबुज सुरू होते. ते तू मनाला लावून घ्यायचं नाही. माझी शपथ आहे.

आता एक अवघड गोष्ट. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. प्रत्येक बाईची कूस उजवीन असं वचन देवाने आपल्याला दिलेलं नाही. साराला दिलं होतं, ते तिचं. तुला आणि मला दिलेलं वचन आहे ते तो सोडून जाणार नाही याचं. बाळासाठी मी रोज मागते आणि मागत राहीन, पण त्याने कबूल केलेलं आणि आपण मागितलेलं या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. नाहीतर दर महिन्याला देवच खोटा पडल्यासारखं वाटतं गं, आणि मग आधाराला काहीच उरत नाही. हिताचे बेत लिहिणाऱ्या यिर्मयाला तर देवाने लग्न करू नकोस, तुला मुलंबाळं नकोत, असंच सांगितलं होतं. तरी त्याने ते पत्र लिहिलं. म्हणूनच माझा त्या पत्रावर जास्त भरवसा आहे.

आणि त्या 70 वर्षांत करायचं काय, तेही पत्रात आहे. घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लेकींची लग्नं करा. ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. बोचकी बांधून दारात बसा, असं नाही सांगितलं.

यिर्मयाने स्वतः काय केलं बघ. यरुशलेमला वेढा पडलेला, हा पहाऱ्याच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ अनाथोथमधलं शेत विकायला आला. शत्रूच्या हाती गेलेल्या मुलखात कोण शेत घेतं? याने 17 शेकेल रुपं ताजव्यात तोलून दिलं, खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपल्या लेखनिकाकडे, बारूखाकडे दिल्या आणि सांगितलं, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. पुढे त्याला मिसरात नेलं. लोक परतले तेव्हा तो नव्हता. तरी त्याने कागद जपायची सोय केली. देवाच्या शब्दावर विसंबणं म्हणजे काय, हे मला त्या मातीच्या भांड्याइतकं दुसऱ्या कशाने समजलेलं नाही.

मुलासाठी मंदिरात रडलेल्या हन्नाची गोष्ट तुला सगळे ऐकवतात, पण शेवटाकडे धावतात. एली याजकाचा आशीर्वाद घेऊन ती निघाली तेव्हा कूस रिकामीच होती. तरी ती जाऊन जेवली, असं लिहिलंय. तू हल्ली धड जेवत नाहीस, असं आई सांगत होती.

डॉक्टरांकडे दोघं जा. एकटीने तपासण्या करून घेऊ नकोस, जावईबापूंचीही व्हायला हवी. सासूबाईंना ते सांगायला जड जात असेल तर मी बोलते. नणंदेच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला जावंसं नाही वाटलं, तर आहेर पाठव आणि घरी थांब.

आणि ती मागची खोली. बाळाची म्हणून बंद ठेवलीस आणि शिलाई मशीन जिन्याखालच्या अंधारात ठेवून डोळे फोडतेस. उघड ती. मशीन खिडकीपाशी घे, शिवण शिकायला येतो म्हणणाऱ्या त्या दोन मुलींना सोमवारपासून बोलाव. बाळ आलं तर मशीन हलवायला कितीसा वेळ लागणार? पडद्यांचं कापड माझ्याकडे आहे, खिडकीचं माप तेवढं कळव.