‘चोवीस तासांत पुसून टाका’ : संगणकीय खेळांची चाचेगिरी आणि बनावट कायदेशीर सूचना

काही वर्षांपूर्वी चंदीगड येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर बौद्धिक संपदा या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, संकेतस्थळावरच लिहिलेले असते की खेळ उतरवून घ्या, पारखा आणि चोवीस तासांत पुसून टाका. मग तो गुन्हा कसा?" प्रश्न प्रामाणिक होता. शासकीय सेवेत जाऊ इच्छिणाऱ्या, उद्या ज्याची पोलीस पडताळणी व्हायची आहे अशा तरुणाचा असल्याने तो महत्त्वाचाही होता. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सूचनांचे स्वरूप

अनधिकृत खेळ वाटणाऱ्या संकेतस्थळांवरील सूचना साधारणतः चार प्रकारच्या असतात. पहिली : ही प्रत केवळ चाचणीसाठी असून ठरावीक तासांत पुसावी. दुसरी : मूळ खेळ विकत घेतलेल्यांनीच ती राखीव प्रत म्हणून वापरावी. तिसरी : वापराची सर्व जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. चौथी सर्वांत चमत्कारिक : पोलीस, शासन वा चाचेगिरीविरोधी संस्थेशी संबंधित व्यक्तींना येथे प्रवेश नाही. या चौथ्या सूचनेच्या समर्थनार्थ, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९५ मध्ये स्वाक्षरी केलेल्या ‘इंटरनेट प्रायव्हसी ॲक्ट’चा कलम क्रमांकासह दाखला दिला जातो. असा कायदा कधीही अस्तित्वात नव्हता.

प्रत्यक्ष इतिहास याच्या नेमका उलट आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील एका विद्यार्थ्याने ‘सिमसिटी २०००’ या खेळासह अनेक संगणक आज्ञावली विनामूल्य वाटण्याची सोय केली होती. त्याने नफा कमावला नव्हता. डिसेंबर १९९४ मध्ये न्यायालयाने त्याच्यावरील फसवणुकीचा आरोप रद्द केला. ही पळवाट बुजवण्यासाठी १९९७ चा ‘नो इलेक्ट्रॉनिक थेफ्ट ॲक्ट’ आला आणि नफ्याविना केलेले मोठ्या प्रमाणावरील उल्लंघनही फौजदारी गुन्हा ठरले. १९९८ मध्ये ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’ संमत झाला. या दोन्ही कायद्यांवर स्वाक्षरी क्लिंटन यांचीच आहे!

भारतीय कायद्याची भूमिका

कॉपीराइट हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, नोंद क्रमांक ४९ मध्ये आहे. त्यामुळे चंदीगडसारखा केंद्रशासित प्रदेश असो वा महाराष्ट्र, १९५७ चा कॉपीराइट कायदा सर्वत्र सारखाच लागू होतो. या कायद्याच्या व्याख्येनुसार संगणक आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ होय.

कलम ५२ मध्ये अपवाद दिलेले आहेत. खासगी वापरासाठी उचित उपयोगाची मुभा देणाऱ्या ५२(१)(अ) मधून संगणक आज्ञावली स्पष्ट शब्दांत वगळली आहे. राखीव प्रतीची मुभा त्यापुढील उपखंडात आहे, परंतु ती प्रतीच्या कायदेशीर धारकालाच आणि मूळ प्रत हरवणे वा नष्ट होणे यापासून तात्पुरते संरक्षण म्हणूनच मिळते. ज्याच्याजवळ वैध प्रतच नाही, त्याची ‘राखीव’ प्रत कशाची? चोवीस तासांचा उल्लेख तर कायद्यात कुठेही नाही. चाचणीसाठी खेळ द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार हक्कधारकाचा आहे.

कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘निट प्रो’ प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६३ब थेट वापरणाऱ्याला लागू होते. आज्ञावलीची प्रत अनधिकृत असल्याचे माहीत असूनही ती संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे. वापर नफ्यासाठी नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून कारावास टाळू शकते व दंड ५० हजार रुपयांपर्यंत मर्यादित ठेवू शकते. येथे ‘माहीत असूनही’ हे शब्द कळीचे आहेत. ‘मूळ खेळ नसल्यास पुसून टाका’ ही सूचना वाचणारा अजाण राहत नाही. ढाल म्हणून लिहिलेला मजकूर असा जाणिवेचा पुरावा ठरू शकतो.

संकेतस्थळ चालकाचे दायित्व

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७९ मध्यस्थांना संरक्षण देते, परंतु ते आचरणावर अवलंबून आहे. योग्य दक्षता घेणे आणि उल्लंघनाची प्रत्यक्ष माहिती मिळताच मजकूर हटवणे आवश्यक असते. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये यूटीव्ही प्रकरणात उल्लंघन हाच मुख्य उद्योग असलेल्या संकेतस्थळांविरुद्ध गतिमान मनाई हुकूम दिला. त्यामुळे नाव बदलून पुन्हा अवतरणाऱ्या प्रतिरूप संकेतस्थळांवरही कारवाई शक्य झाली. दोन पक्षांनी आपसांत लिहिलेली सूचना तिसऱ्याचा, म्हणजे हक्कधारकाचा, अधिकार संपवू शकत नाही. अमेरिकेत निन्टेन्डो कंपनीने २०१८ मध्ये जुने खेळ वाटणाऱ्या संकेतस्थळांच्या चालकांविरुद्ध दावा दाखल केला. त्याचा शेवट १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रकमेच्या निवाड्यात झाला.

अर्थशास्त्रीय बाजू

खेळ निर्माण करण्याचा स्थिर खर्च मोठा असतो, तर आणखी एका प्रतीचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. ‘कुणाचे काय नुकसान झाले?’ हा युक्तिवाद येथूनच जन्मतो. मात्र प्रत्येकाने सीमांत खर्चाइतकीच किंमत दिली तर स्थिर खर्च भरून निघणार नाही. चंदीगडमध्ये २००५ साली राजीव गांधी तंत्रज्ञान उद्यानाचे उद्घाटन झाले, ते तेथील तरुणांच्या बुद्धीला बाजारमूल्य मिळावे म्हणूनच. आज फुकट खेळ घेणारा विद्यार्थी उद्या स्वतः आज्ञावली लिहील, तेव्हा हाच कायदा त्याचा आधार असेल.

दुसरी बाजूही नाकारता येणार नाही. डॉलरमधील किंमत भारतीय विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असते. यावरचा उपाय किंमतभेदाचा आहे. ‘स्टीम’ने २०१५ मध्ये भारतासाठी रुपयांत किमती सुरू केल्या, तो याच दिशेचा मार्ग होता. दंड आणि परवडणारी किंमत ही दोन्ही साधने एकत्र वापरल्यासच चाचेगिरीला आळा बसू शकेल.

त्या विद्यार्थ्याला मी इतकेच सांगितले की, कायद्याची सूट कायद्याच्या पुस्तकात शोधावी, चोराच्या दारावरील पाटीवर नव्हे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) संगणक आज्ञावलीबाबत कलम ५२ मधील अपवादांची व्याप्ती स्पष्ट करा.
२) मध्यस्थांचे संरक्षण आणि हक्कधारकाचे हित यांतील समतोलाची चर्चा करा.
३) ‘शून्य सीमांत खर्च म्हणजे शून्य किंमत नव्हे.’ या विधानाचे परीक्षण करा.