हौशी मंडळींचे विमान

(फ्लाइटगिअर ही संगणकावर विमान उडवण्याची आज्ञावली आहे. ती कोणा कंपनीने नव्हे, तर अनेक देशांतील हौशी लोकांनी मिळून तयार केली. त्यांनी हे काम कसे आखले, ते या पाठात सांगितले आहे.)

मोठी प्रवासी विमाने चालवणारे वैमानिक सिम्युलेटर नावाच्या यंत्रात नेहमी सराव करतात. यंत्र जमिनीवरच असते. पण समोर आकाश, ढग आणि धावपट्टी दिसते. उडताना इंजिन बंद पडले तर काय करायचे, हे तेथे जीव धोक्यात न घालता शिकता येते. अशी यंत्रे फार महाग असतात.

घरच्या संगणकासाठीही सिम्युलेटर निघाले, पण ते कंपन्यांचे होते. विकत घेणाऱ्याला विमान उडवता येई; मात्र आतला हिशेब कसा चालतो हे पाहता येत नसे. चूक सापडली तरी दुरुस्त करता येत नसे. म्हणून 1996 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील डेव्हिड मर यांनी इंटरनेटवरून एक प्रस्ताव मांडला. सर्वांनी मिळून सिम्युलेटर तयार करावा आणि तो सर्वांसाठी खुला असावा, असा तो प्रस्ताव होता.

लोक जमले. मोठा आराखडा तयार झाला. पडद्यावर चित्रे काढणारी आज्ञावलीसुद्धा स्वतःच लिहायची, असे ठरले. पण प्रत्येकाला आपापली नोकरी किंवा शिक्षण होते. वेळ पुरेना आणि काम रेंगाळले.

मग कर्टिस ओल्सन यांनी वेगळा मार्ग धरला. चित्रांसाठी त्यांनी ओपन-जीएल ही तयार व्यवस्था घेतली. विमानाच्या हालचालींचे गणित नासाच्या लँगली केंद्रात लिहिलेल्या एका आज्ञावलीतून घेतले. 1997 च्या जुलैमध्ये पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. दळण दळायचे म्हणून कोणी आधी जाते घडवत बसत नाही!

हे गणित असते तरी कसले? विमानावर चार बले काम करतात. वजन त्याला खाली ओढते आणि पंखांमुळे मिळणारा उठाव त्याला वर उचलतो. इंजिन त्याला पुढे ढकलते, तर हवा त्याला मागे रोखते. या बलांचा हिशेब सामान्यतः सेकंदाला 120 वेळा केला जातो. म्हणूनच पडद्यावरचे विमान झटके न देता सरळ उडते. वेग फार कमी झाला की मात्र ते खऱ्या विमानासारखेच खाली येऊ लागते.

विमानाखाली जमीनही हवी. 2000 च्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती सर्वांना मोफत मिळाली. तिच्यावरून या मंडळींनी डोंगर आणि दऱ्या उभ्या केल्या. आज त्यात 20,000 हून अधिक विमानतळ आहेत. आपल्या मुंबईचाही आहे.

उर्दूत ज्याला शौक म्हणतात, त्याला मराठीत हौस किंवा छंद म्हणतात. हौशी माणसाला पगार नसतो, त्यामुळे त्याला हुकूमही देता येत नाही. परीक्षा आली की तो महिनाभर दिसत नाही. म्हणून कामाचे भाग वेगवेगळे ठेवावे लागले. एकाने गणित पाहायचे, दुसऱ्याने जमीन, तिसऱ्याने विमानाचे रूप आणि आवाज. एकाचे काम अडले तरी बाकीच्यांची कामे चालू राहत.

नवी आवृत्ती केव्हा काढायची, हा प्रश्न तर फारच अवघड होता. ‘आणखी एवढे होऊ द्या’, असे म्हणणारे कोणी ना कोणी असतेच. 1.0 क्रमांकाची आवृत्ती निघायला 2007 चा डिसेंबर उजाडला! पुढे 2011 मध्ये त्यांनी वर्षातून दोन आवृत्त्या काढायचे ठरवले. तारखेच्या काही आठवडे आधी नवे काही घालायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. गाडी वेळेवर सुटणार. ज्याचे सामान आले नाही, त्याने पुढच्या गाडीने यावे.

या आज्ञावलीचा परवाना असा आहे, की कोणीही ती घ्यावी, बदलावी, वाटावी आणि विकावीसुद्धा. 2009 च्या सुमारास काही विक्रेत्यांनी तिचे नाव बदलून ती पैशांना विकायला सुरुवात केली. ज्यांनी रात्री जागून काम केले होते, त्यांना वाईट वाटले. पण परवाना त्यांनी स्वतःच निवडलेला होता. तो त्यांनी बदलला नाही. ही आज्ञावली मूळ ठिकाणी मोफत मिळते, एवढे त्यांनी लोकांना जाहीरपणे सांगितले आणि ते पुन्हा कामाला लागले.

शब्दार्थ : आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच, आराखडा – कामाची योजना, रेंगाळणे – हळूहळू चालणे, उठाव – वर उचलणारे बल, परवाना – परवानगी देणारा लेख.

स्वाध्याय
1. पहिल्या आराखड्याप्रमाणे काम का झाले नाही?
2. ‘गाडी वेळेवर सुटणार’ या वाक्याचा येथे काय अर्थ आहे?
3. परवाना न बदलण्याचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? पाच वाक्यांत लिहा.