अंजनी जंगलातून आणू नका

महाबळेश्वरला ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनी फुललेली पाहिली आणि ती अंगणात हवीच, असं मनाने घेतलं. जून, उघड्या फांदीला घट्ट चिकटून जांभळट निळ्या फुलांचे घोस. त्या रंगाचं दुसरं झुडूप मी सह्याद्रीत पाहिलेलं नाही.

पुण्यात रोपवाटिकांतून ती सहसा मिळत नाही. एका ठिकाणी 'अंजन' मागितलं, तर कोरड्या रानातला अंजन वृक्ष हाती आला. आपट्यासारखी जोडपानं फुटली तेव्हा चूक कळली. म्हणून 'मेमेसायलॉन अम्बेलेटम' हे शास्त्रीय नाव सांगूनच मागा. अंजनीचं पान जाड, चकचकीत असतं, शिरा जवळजवळ दिसतच नाहीत.

मग मी करू नये ते केलं. पावसाळ्यात जंगलातून वीतभर रोप उकरून आणलं. सोटमूळ जांभ्याच्या फटीत खोल गेलेलं. ते तुटल्याचं हाताला स्पष्ट कळलं, तरी घेऊन आले. महिनाभर पानं हिरवीगार. जाड पान लवकर कोमेजत नाही, तिथेच मी फसले. एका सकाळी फांदीला बोट लागलं आणि सगळी पानं खाली आली. वनहद्दीतलं रोप उपटायला मनाई आहे, हे मला माहीत होतं. त्या रोपाची हळहळ अजून जात नाही.

अंजनी बियांपासूनच करा. पावसाच्या तोंडाशी फळं पिकतात: वाटाण्याएवढी, काळी-जांभळी, टोकाला इवलासा मुकुट. चव गोडसर तुरट. गावातल्या कुणाच्या परड्यात झाड असेल तर विचारून मूठभर घ्या, खा आणि आतलं बी धुऊन त्याच दिवशी पेरा. मी वाळवून डबीत ठेवलेल्यातलं एकही रुजलं नाही. ताज्याला दोन महिन्यांनी कोंब आले. पिशवी उंच घ्या, मुळाला खोली लागते. लाल माती, पानांचं खत, पाण्याचा चांगला निचरा आणि अर्धी सावली द्या. आमच्या बोअरच्या जड पाण्याने पानं पिवळी पडली, तेव्हापासून पावसाचं पाणी साठवून घालते.

वाढ फार सावकाश. सहाव्या वर्षी आकार यावा म्हणून कात्री चालवली आणि फुलं जिथे यायची त्या जुन्या फांद्याच छाटल्या गेल्या. पुढची दोन वर्षं एक कळी नाही.

यंदा खोडालगतच्या फांदीवर मोहरीएवढ्या कळ्या धरल्यात. जूनसाठी पिशव्या भरून ठेवल्या आहेत.